फलकावरची म्हैस

रंकाळ्याकाठी संध्याकाळी गिऱ्हाइकासमोरच धार काढून दूध देणारा तो माणूस मी रोज पाहायचो. नाव कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं, की म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो महापालिकेच्या नव्या फलकाकडे बघत राही. त्यावर या काठाचं होणारं रूप होतं: कारंजं, दिवे, फिरायला रुंद वाट.

एकदा पेला देत म्हणाला, "पावणं, तुमी शिकल्यालं. ह्यात म्हस कुठं हाय, बघा की."

त्या 'शिकल्यालं'चा मान राखायला मी खरंच शोधली. "दिसत नाही," म्हणालो.

"मग आमी हुबं ऱ्हायचं कुठं?"

मी पेला रिकामा करून पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी फलकावर, कारंज्याशेजारी, कोळशानं काढलेली म्हैस उभी होती. शिंगं दिव्यांहून उंच.

"कुणी काढली?" मी विचारलं.

धार न थांबवता तो म्हणाला, "तिनंच जागा धरली की."