कृपया चपला बाहेर काढाव्यात

मी बोर्ड रंगवतो. म्हणजे रंगवायचो. फ्लेक्स आल्यापासून टेम्पोच्या पाठीवर 'आईची कृपा' आणि दवाखान्यांच्या भिंतींवर सूचना, एवढंच उरलंय. 'कृपया थुंकू नये.' 'कृपया रांगेत उभे राहावे.' 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.' हा शब्द इतक्या वेळा रंगवलाय की माझी पक्की समजूत झाली होती: कृपा आली की तिच्या मागोमाग हुकूम येतोच.

त्यामुळे बायको म्हणाली, "वन्सं हल्ली बायबल वाचतात. त्यात सगळी कृपेचीच गोष्ट आहे म्हणतात," तेव्हा माझे कान टवकारले. बायको माझ्या बहिणीकडे तलासरीला जाते, हेही मला तेव्हाच कळलं. मला वाटायचं, ती माहेरी जाते.

धाकट्या बहिणीनं पळून जाऊन लग्न केलं. नवरा चिंचणीचा, मासेमारीवाल्या घरातला, नोकरीला तलासरीत. वर्षभरानं ती आमच्या आशागडच्या दारात आली, तेव्हा मी उंबऱ्यावर आडवा उभा राहून म्हणालो होतो, "आधी आईची माफी माग, मग आत ये." आई मागं हातात भांडं घेऊन उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही. बहीण वळली ती गेलीच. सहा वर्षं झाली. फाटक वाजलं की आई अजून मान वर करते, मग माझ्याकडे बघते. मी कॅलेंडरकडे बघतो.

पोरीला कुणीतरी फशी पाडतंय, असं मी ठरवून टाकलं आणि रविवारी वडापच्या इको गाडीत बसून तलासरी गाठली. तिच्या दारात तुळस होती, तिला ताजं हळदकुंकू. माझा संशय कमी व्हायचा तर वाढलाच.

"आत ये, दादा."

"नको, घाईत आहे," म्हणून मी ओट्यावर दोन तास बसलो.

"पुस्तक दिलं कुणी?"

"शेजारच्या नर्सबाईंनी. मीच मागितलं."

"आणि त्यांनी काय मागितलं?"

"परत कधी देतेस, ते."

मी म्हटलं, बघू तरी. तिनं लगेच पुस्तक हातात ठेवलं. "ने. पण तू नियम शोधायला निघालायस, तुला नियमच सापडतील."

सापडलेच की! पंधरा दिवस चष्मा लावून मी वहीत टिपणं काढली. दाढी कशी राखायची, कापड कसलं वापरायचं. आणि मग घबाडच हाती लागलं. पाण्यातल्या ज्या जीवाला पर आणि खवले नाहीत, तो खायचा नाही. म्हणजे कोळंबी बंद, खेकडे बंद. चिंचणीच्या सुनेला! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. आईनं विचारलं, "काय झालं रे?" म्हटलं, "सुटली ती यातून."

पुढच्या रविवारी ओट्यावरूनच जाहीर केलं, "तुला कोळंबी चालत नाही!"

आतून फोडणीचा वास येत होता. कोळंबीचाच. ती हसत बाहेर आली ती पदरानं डोळे पुसतच. "अरे, ते फार आधीचं बंधन, पुढं उठलेलं. तेवढ्यावरच थांबलास? पुढं वाचलंच नाहीस?"

मग तिनं एक गोष्ट सांगितली. घर सोडून गेलेला मुलगा सगळं उधळून परत येतो. माफीचं भाषण पाठ करून आलेला असतो. बाप त्याला लांबून बघतो आणि धावत सुटतो.

"म्हणजे माफी मागतोच!" मी पेन काढलं.

"मागतो. पण बापानं मिठी त्याच्याआधी मारलेली असते."

मी पेनाला टोपण लावलं. मी विचारलं, "त्याला मोठा भाऊ नव्हता?" घराघरातल्या मोठ्या भावांची मला फार काळजी.

"होता ना. रागावून बाहेरच उभा राहतो. बाप समजवायला येतो, तरी."

"मग? जातो का आत?"

"ते लिहिलेलं नाही."

मी माझ्या पायांकडे बघितलं. चपलांसकट ओट्यावर. तिनं ती गोष्ट मुद्दाम निवडली होती, असा मला तेव्हा संशय आला. आजही आहे.

"जेवायला ये," ती म्हणाली.

"चपला?"

"राहू दे पायात. ये."

एवढी वर्षं तो बोर्ड रंगवतोय, पण असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

ताटात मोठी मोठी कोळंबी होती. आता ही काहीतरी मागणार, म्हणून मी घास मोजून खात होतो. तिनं काही मागितलं नाही. दुसऱ्यांदा वाढलं, तरी नाही. शेवटी मलाच राहवेना. "आई वाट बघते. रविवारी घरी ये."

ती वाढता वाढता थांबली. "आधी काय करू?"

जिभेवर आलं होतं. त्यावर मी भाताचा मोठा घास ढकलला.

"काही नाही," मी म्हणालो. "ये."

निघताना तिनं आईसाठी डबा दिला. इकोत मी तो दोनदा उघडून बघितला, खाली एखादी चिठ्ठीबिठ्ठी आहे का. नव्हती.