साडूंचा पंचनामा

मेलेल्या यंत्रावर आमच्या साडूंइतकी माया करणारा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही. चालत्या यंत्राकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पण मिक्सर बंद पडला, गिझरने मान टाकली, की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं आणि पंचनामा झाल्याशिवाय ते कुणाला हात लावू देत नाहीत. एकदा ऐन जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे कुकरचा व्हॉल्व्ह उडाला, डाळ छतापर्यंत गेली. अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, फडकं घेऊन धावल्या तर हे दारात आडवे. "थांब की गं! कुटनं उडाली ते बघू दे आधी." आम्ही पाहुणे चटणी-भाकरी खाऊन उठलो तरी साडू स्टुलावर चढून छताचे फोटो काढत होते.

निवृत्तीनंतर हा छंद कॉम्प्युटरवर गेला. कॉम्प्युटरचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. तो कोसळला की सगळंच झोपतं, पण कोसळताना मेमरीत काय होतं त्याची नक्कल डिस्कवर ठेवता येते. ती वाचून मरणाचं कारण सांगणारा प्रोग्राम साडूंनी स्वतः लिहून इंटरनेटवर फुकट वाटलाय. मुलीच्या लग्नात अक्षता टाकतानाही ते व्याह्यांना त्यातल्या खुब्या सांगत होते.

अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. मागांना नक्षी पुरवणारा तिथला कॉम्प्युटर मध्येच कोसळायला लागला. त्यासरशी माग थांबायचे, टॉवेलाची नक्षी मोडायची. पुन्हा असा माल आला तर काम दुसरीकडे देऊ, असं गिऱ्हाइकाने बजावलं होतं. घाबरून मी साडूंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या, मला न विचारता, नवं कर्नेल टाकलं. तेही कोसळलं. साडूंनी खुशीत हात चोळत आपला प्रोग्राम चालवला, तर तोच आडवा!

नव्या कर्नेलने आतली मांडणी बदलली होती. नवी पेठेतलं दुकान समोरच्या बाजूला हलावं आणि गिऱ्हाइकाने सवयीने जुन्याच पायऱ्या चढाव्यात, तसा प्रोग्राम जुन्या जागी जाऊन भलतंच वाचत होता.

"अण्णा, जुनंच परत टाका की," मी काकुळतीने म्हणालो.

"आन् अजून एकदा मरायची वाट बघायची? कारण ह्यातच हाय, पाव्हणं. मढं समोर हाय."

मग ते नव्या कर्नेलचा कोड वाचत बसले. चहा तसाच निवला. बऱ्याच वेळाने पुटपुटले, "ही पोरं कर्नेल लई पळवत्यात. त्यांच्या मागं पळून पळून दमलो बघा. ह्या टायमाला न्हाय जमलं तर सोडून देतो." तोवर मला मागांची काळजी होती. आता त्यांचीच वाटायला लागली.

दुपार कलताना केबिनमधून ओरडणं आलं, "घावलं!" हलवलेली जागा सापडली होती. चार ओळी बदलल्या आणि प्रोग्राम बोलायला लागला. दोष निघाला मागांना जोडणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. दुसऱ्या बनावटीचं कार्ड बसवलं. माग खडखडायला लागले, नक्षी धड उतरली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी साडूंना मिठीच मारली. ते इतके लाजले की चष्मा पुसत बसले.

प्रोग्रामची दुरुस्ती जगभर धाडून ते निघाले. स्कूटरला किक मारता मारता थांबले.

"पुढचं कर्नेल आलं की हे पुन्हा मोडणार. तवा जमंल का ओ मला?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हे त्यांनाही माहीत आहे. तरी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, "व्हय की," म्हणाले आणि समाधानाने घरी गेले.