मामांच्या घरची सुनावणी

दुसऱ्याच्या घरात न्याय नांदावा असं वाटणारी माणसं पोत्यानं भरतील. पण तो आधी स्वतःच्या घरात आणून त्याच्यापायी दमून गेलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या थोरल्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. सुपं गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर हे कुटुंब रामनगरात येऊन वसलं, आणि मामांनी तिथं भाताची गिरणी घातली. मी तिथल्याच शाळेत मास्तर होतो आणि आत्याच्या घरासमोर राहत होतो. त्यामुळे मामांच्या बोलण्यापासून मला सुट्टी नसे. तोवर ते चारचौघांसारखे हट्टी, तापट गृहस्थ होते. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेनं तालुक्याच्या गावी, जोयड्यात, कायदा आणि सुशासन यांचं शिबिर भरवलं, आणि कुणीतरी पाठवायचं म्हणून पंचायतीनं मामांना पाठवलं. आपल्याला तेवढीच उसंत, एवढाच पाठवणाऱ्यांचा हेतू होता.

बाकीचे लोक शिबिरात जेवले, झोपले आणि परत आले. मामा मात्र दोन वाक्यं घेऊन आले. निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होणार, त्याचं आधी ऐकून घ्यावं, हे पहिलं; आणि स्वतःच्या खटल्यात कुणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे दुसरं. त्या दिवसापासून गिरणीवर कुणाचं भात आधी घालायचं याची सुनावणी सुरू झाली. बुट्ट्या घेऊन ताटकळलेल्या बायका म्हणायच्या, "मामा, आधी भात घाला, मग कायदा घाला!" म्हातारी म्हैस विकायची ठरली तेव्हा मामांनी शेजारपाजाऱ्यांच्या हरकती मागवल्या. लोक आले, चहा प्याले, म्हशीच्या बाजूनं भरभरून बोलले, आणि म्हैस गोठ्यातच राहिली. दर सोमवारी जेवणाआधी घरातल्या सगळ्यांची सभा भरे. आत्या पोळपाट आपटत विचारायची, "सरकार जेवायला बसणार, का त्याच्यावरबी सभा हाय?" थोरला मुलगा भिंतीला टेकून घोरत असे. मी निमूट बसून जांभया गिळत असे. मामा मात्र प्रत्येकाला विचारत, "तुझं काय म्हणणं?" आणि कुणाचं काहीच म्हणणं नसे.

अशाच एका सोमवारी धाकटी सून बोलली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी तापानं गेला होता; मूलबाळ नव्हतं. ती घरात इतकी हळू वावरायची की ती आहे हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. मामांनी सवयीनं विचारलं, "तुझं काय म्हणणं?" आणि ती म्हणाली, "मामंजी, ह्यांच्या नावाची जमीन हाय. ती माझ्या नावावर का न्हाई?"

थोरल्याची झोप उडाली. धरणाच्या बदल्यात धाकट्याला त्याच्या नावानं मिळालेला तो तुकडा तो गेल्यापासून थोरलाच कसत होता. "घरचंच हाय की सगळं! तुला काय उपाशी ठेवलंय?" तो ओरडला. मामांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता त्यांचा जुना स्वभाव उसळी घेणार. पण ते उठून थोरल्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "हितं मी न्यायाधीश न्हाई. जमीन घरात ऱ्हावी असं मलाबी वाटतंय, म्हणून मी एका बाजूचा झालो." मग माझ्याकडं वळले. "मास्तर, तू ऐक आणि सांग."

मला पळून जावंसं वाटलं. पण पळायला समोरचंच घर होतं. मामा थोरल्याच्या बाजूनं खरोखर बोलले, जीव तोडून बोलले. सून परक्या घरात गेली तर जमीन जाईल, म्हणाले. घर फुटेल, म्हणाले. सून एवढंच म्हणाली, "मी कुठं जाऊलाले? खरं उद्या तुम्ही न्हाई झालासा तर मी कुणाच्या दारात बसू?" आत्या चुलीपासून न उठता म्हणाली, "आई म्हणून माझा जो काय वाटा असंल, तो बी तिलाच द्या." मी सांगितलं, जमीन हिची आहे. मामांनी मान हलवली. "बरं. उद्या कचेरीत जाऊ."

घरातला न्याय एका संध्याकाळात झाला. कचेरीतला वर्षभर चालला. कधी साहेब नसत, कधी शिक्का नसे, कधी बस जंगलात बंद पडे. सासरा आणि सून पहाटे निघायचे आणि अंधार पडताना धुळीनं माखून परत यायचे. एकदा कचेरीच्या बाकावर दोघं बसलेली असताना संस्थेची जीप आली. परदेशाहून आलेल्या बाईंना शिबिराचा परिणाम पाहायचा होता. दुभाष्यानं सगळी हकीकत सांगितल्यावर बाईंचे डोळे भरून आले. तुझ्या धैर्याचं मला फार कौतुक वाटतं, असं त्यांनी सुनेला कळवलं. सून म्हणाली, "धीर हाय माझ्याकडं. फाईल तेवढी हालत न्हाई." दुभाष्यानं बाईंना नेमकं काय सांगितलं कोण जाणे, त्या हसल्या, नमस्कार केला आणि जीप गेली.

शेवटी जमिनीला सुनेचं नाव लागलं. त्याच महिन्यात थोरला बायको आणि पोरांना घेऊन गोव्याला कामाला निघून गेला. जाताना तो बापाशी बोलला नाही. संस्थेचं ऑफिसही पुढं बंद झालं. मदत दुसऱ्या कुठल्या देशाकडं वळली म्हणे. सोमवारची सभा कधी थांबली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सभेला माणसंच उरली नव्हती.

पुढं माझी बदली खानापूरला झाली. काही वर्षांनी रामनगरला गेलो तेव्हा गिरणी सून चालवत होती, आणि बायकांचं भात खोळंबत नव्हतं. "मामंजी स्टँडवर असतील," ती म्हणाली. "रोज जातात. मी काय बोलत न्हाई."

मामा चहाच्या टपरीजवळ बाकावर बसले होते. फार वाळले होते. गोव्याकडून बस आली तसे ते काठीवर भार देऊन उठले आणि एकेक खिडकी बघू लागले.

"कुणी यायचंय का, मामा?"

"न्हाई. बघूलालो नुस्तं."

उतारू उतरले, पांगले. मामा खाली बसले. "मास्तर, त्या दिवशी तुला दुसरं काय सांगता आलं असतं काय रे?"

"नाही, मामा."

"व्हय. मलाबी तसंच वाटतंय. तिचंच होतं ते." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "खरं पोरगा माझा हाय की रे."

कंडक्टरनं घंटा मारली आणि बस बेळगावच्या रस्त्याला लागली. मी दोन चहा सांगितले. चहा निवेपर्यंत आम्ही तिथं बसून होतो.