पदराखालचा हात

कासारीण मावशींनी माझं तोंड कधी नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. कामशेतच्या बाजारात त्या बांगड्यांच्या माळांमागे मान खाली घालून बसत आणि समोर येईल तो हात ओढून घेत. माणूस त्यांना हातावरून कळायचं. "औंढ्याची न्हवं तू? थोरलीला लेक झाली का?" त्या विचारत आणि समोरची बाई चाट पडे.

माझा हात मात्र त्यांना मिळत नसे, कारण मी तो कुणालाच देत नसे. बोटांच्या कडेची कातडी दातांनी सोलायची मला सवय होती. दहावीच्या वर्षी लागली, ती पुढे तळेगावच्या एका शाळेत कारकून म्हणून चिकटले तरी सुटली नाही. सरांनी हाक मारली की बोट तोंडात, फोन वाजला की बोट तोंडात. रक्ताची चव आली की मला कळायचं, मी पुन्हा सुरू केलंय. एकदा एका मुलाच्या दाखल्यावर माझ्या रक्ताचा ठिपका पडला. मी तो फाडला आणि घाम पुसत दुसरा लिहिला. आईने कडुनिंब लावला, मग मिरची लावली. त्याने एवढंच झालं की मला तिखट सोसू लागलं. "लाज कशी वाटत नाही?" असं लोक विचारत. अहो, लाजच तर वाटायची! लाज वाटली की बोट आणखी आत जाई. हळदीकुंकवाला न जाण्याची कारणं मला तोंडपाठ होती. स्वतःच्याच हातांनी मी स्वतःला डांबून ठेवलं होतं.

अशात लग्न ठरलं. मुलगा लोणावळ्याचा. बघायला आले तेव्हा चहाच्या ट्रेखाली बोटं लपली, पण चुडा भरताना हात लपवणार कुठे? त्या दिवशी कान्ह्याला आमच्या ओटीवर नणंद आणि चुलतसासूबाई मुद्दाम येऊन बसल्या. बोटं दिसली की पोरीला काहीतरी रोग आहे म्हणतील आणि ठरलेलं मोडेल, या भीतीने मी सकाळपासून मुठी आवळून बसले होते.

चुडा भरायला घरी आलेल्या मावशींनी माझी मूठ ओढली. एकेक बोट उघडलं आणि थांबल्या. मग आपला पदर आमच्या हातांवर ओढून घेतला.

"चुडा चढंस्तवर नवरीचा हात कुनी बघू न्हाई. दिष्ट लागती."

अशी रीत ना कान्ह्यात, ना लोणावळ्यात. पण चुलतसासूबाई लगेच म्हणाल्या, "हो हो, आमच्याकडेही असंच असतं."

पदराखाली माझा हात लाकूड झाला होता. "हात सोड, बाय," मावशी हळूच म्हणाल्या. "धरलास तर काच फुटंल आन् तुलाच लागंल." मला जमेना. त्यांनी घाई केली नाही. अंगठ्याचं मूळ दाबत बसल्या.

"खाऊ नगं असं मी न्हाई म्हननार. तू काय मुद्दाम खातीस व्हय? निसतं ऐक. हात तोंडाकडं चालला की बांगड्या कोपराकडं घसरत्यात, वाजत्यात. वाजल्या की हात खाली सोड. न्हाई जमलं तर पुन्यांदा वाजतील."

पदर काढला तेव्हा सगळ्यांनी हिरवा चुडा पाहिला. बोटं मी मुठीत घेतली होती. संध्याकाळी मेंदीने उरलंसुरलं झाकलं.

पहिल्या महिन्यात माझ्या बांगड्या इतक्या वाजल्या की नवरा म्हणाला, "घरात टांगा आणलाय का आपण?" तेव्हा मी त्याला बोटं दाखवली. ज्याला मी ती आपणहून दाखवली, असा तो पहिला माणूस. दहादा वाजल्यावर एकदा हात खाली यायचा. पुढे दोनदा येऊ लागला. कधी महिनाभर बरं चाले आणि शाळेत तपासणी आली की एका दुपारीत पाच बोटं सोलून निघत. बांगडी वाढली की मी कामशेत गाठायची. मावशी "बघू" म्हणत, बोटं चाचपत आणि नवी बांगडी भरत. भरून झाली की रीतीप्रमाणे मी त्यांना नमस्कार करायची. त्यांनी मला एकदाही शाबासकी दिली नाही आणि एकदाही रागावल्या नाहीत.

गेल्या थंडीत गेले तेव्हा त्यांची नजर गेली होती. दुकान मुलाकडे होतं, त्या आतल्या खोलीत पडून. मी हात पुढे केला. त्यांनी एकेक बोट नखापासून पेरापर्यंत चाचपलं.

"नऊ सुटली," त्या म्हणाल्या. मग उजव्या अंगठ्याशी थांबल्या. "ह्यो ऱ्हायला."

"सुटत नाही हो, मावशी."

"ऱ्हाऊ दे. त्याच्यामागं लागू नगंस."

त्या गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी शाळेत दाखला लिहीत होते. फोन ठेवला आणि हात वर निघाला. बांगड्या वाजल्या. मी ऐकल्या. पुन्हा वाजल्या, पुन्हा ऐकल्या. मला फार एकटं वाटत होतं. त्या दुपारी मी अंगठा रक्त येईपर्यंत सोलला. बाकीच्या नऊ बोटांना दात लावला नाही.

माझ्या माहेरच्या आळीत आता प्रत्येक नवरीच्या हातावर पदर टाकून चुडा भरतात. जुनी रीत आहे, असं सांगतात.