काचेसारखं पाणी

कारखान्यात आमच्या ह्यांना सगळे 'काच' म्हणतात. कापड रंगवून उरलेलं पाणी ह्यांच्या टाकीत येतं. टाकीतल्या धातूच्या पट्ट्यांतून वीज सोडली की रंग गोळा होऊन फेसाबरोबर वर येतो. तो काढायचा, खालचं पाणी बाटलीत घेऊन पांढऱ्या फरशीपुढे धरायचं, "काचेसारखं आहे" म्हणायचं आणि नाल्याचा कॉक उघडायचा. एकोणीस वर्षं हेच. पट्ट्या घासून बोटांची सालपटं निघालीत. घरी आले की ताटावरच पेंगतात. मीही आता बोलून बोलून थकले.

नाला पुढे नणंदेच्या विहिरीजवळून जातो. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "दादा, विहिरीला निळं पाणी येतंय." झालं, ह्यांचा पारा चढला.

"माझ्या टाकीतून थेंबभर रंग जात नाही. सख्ख्या भावावर आळ घेतेस?"

तेव्हापासून बोलणं बंद. मी मध्ये पडले तर म्हणे, तुला काय कळतं! मग मीही तोंडाला कुलूप लावलं.

सोमवारी हे डबा विसरले, म्हणून मी द्यायला गेले. हे फरशीपुढे बाटली धरून उभे होते आणि दुसरा हात कॉकवर.

"अहो, निळं आहे की ते."

"कुठं?"

"डोळे फुटले का तुमचे?" मी आपली सवयीने बोलून गेले.

ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग फळीवरच्या जुन्या नमुन्यांच्या बाटल्या काढल्या. अकरा होत्या. हे एकेक दाखवत गेले, मी "निळं, निळं" म्हणत गेले. शेवटी हे स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

उठले ते थेट साहेबांकडे. "मला रंग दिसेना झालाय. टाकीवर दुसरा माणूस लावा." मी मागून सदरा ओढत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती हो! साहेब म्हणाले, मोतीबिंदू असेल, काढून या, मग बघू. 'मग बघू'चा अर्थ मला कळतो.

तिथून आम्ही नणंदेकडे गेलो. ती दारात आली. अंगणात दोरीवर चादर वाळत होती. ह्यांनी ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली.

"पांढरी आहे ना गं ही?" मला हळूच विचारलं.

जन्मभर ह्यांना फाडफाड बोलले मी. त्या दिवशी जीभ उचलेना.

"नाही हो," मी म्हटलं. "निळी झालीय."

ह्यांनी चादर सोडली आणि बहिणीपुढे हात जोडले.