चष्मेवाल्या काकांची मोजणी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक आरसा, नंबर तपासायची खुर्ची आणि मागे पडद्याआड काचांची कड घासायचं यंत्र. ते सुरू झालं की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी कुरकुरतात. चष्मेवाले काका तिथे एकतीस वर्षं बसतात. पडलेला स्क्रू जमिनीवरून डोळे मिटून, नुसत्या बोटांनी शोधून काढतात. चष्मा दुरुस्त करून दिला की तो गिऱ्हाइकाच्या नाकावर स्वतः बसवतात, दोन पावलं मागे जातात आणि म्हणतात, "आता बघा, जग सरळ झालं की नाही?" हा विनोद मी एकतीस वर्षं नाही, पण एकोणीस वर्षं तरी ऐकत आले आहे. दर वेळी हसावं लागतं, नाहीतर ते पुन्हा सांगतात.

हे सगळं आठवड्याचे सहा दिवस. सातव्या दिवशी हॉकीच्या मैदानावरचे काका पाहिले तर हाच माणूस का, असा प्रश्न पडावा. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, गोलच्या मागच्या बाजूला, पहिल्या रांगेत त्यांची जागा. हातात शाळेतल्यासारखी पाटी आणि खडू. आपल्या क्लबच्या गोलकीपरनं फटका अडवला की काका पाटीवर आकडा लिहून ती डोक्यावर धरायचे आणि ओरडायचे, "एक!" मागचा सगळा स्टँड म्हणायचा, "एक!" मग दोन, मग तीन. दहाच्या पुढे गेलं की समोरच्या संघाचे फॉरवर्ड कावरेबावरे व्हायचे म्हणे. आणि गोल झाला की काका खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढायचे, पाटी पुसायचे, आणि सगळे मिळून ओरडायचे, "परत एकपासून!"

ही पद्धत काकांनीच पाडलेली. त्यामागे त्यांचा एक विचार होता. "झाला तो गोल झाला," ते सांगायचे. "पोरानं तो डोक्यात घेऊन उभं राहायचं नाही. पुसून टाकायचा. आपण पुसला की त्याचाही पुसला जातो." मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

हे सगळं मला माहीत, कारण माझी मुलगी कॉलेजात जायला लागल्यापासून काकांच्या शेजारी बसायची. हॉकीतलं मला काही कळत नाही. ती घरी आली की घसा बसलेला असायचा, आणि मी गरम पाणी देत विचारायची, "आज किती?"

ज्याच्यासाठी ही मोजणी चालायची, त्याला सगळे लंबू म्हणत. उंच, किडकिडीत मुलगा. पॅड चढवले की दाराएवढा दिसायचा, काढले की वाऱ्यानं उडेल असा. मैदानाबाहेर चष्मा लावायचा आणि तो सारखा मोडायचा, म्हणून दुकानात यायचा. एकदा मी तिथेच होते. काका चष्म्याची काडी बसवत होते आणि लंबू काउंटरवर कोपरं टेकून बघत होता.

"काका, तुमच्यामुळे मला आता झोपेतही मोजायला येतं," तो म्हणाला.

"मग पैसे दे की शिकवणीचे!"

"गोल झाल्यावर निदान अर्धे तरी ठेवत जा हो. एकदम सगळेच पुसता."

"अर्धे? अरे, ही काय तुझ्या आईची दुधाची बाटली आहे का, उरलेलं झाकून ठेवायला?"

तो हसला. मीही हसले. काकांनी चष्मा त्याच्या नाकावर बसवला आणि जग सरळ झालं की नाही ते विचारलं. तो म्हणाला, "झालं, झालं."

पुढच्या वर्षी त्यानं खेळणं थांबवलं. वर्तमानपत्राला त्यानं स्वतःच सांगितलं, की मला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत, सकाळी उठून दात घासणं हेसुद्धा कधी कधी पेनल्टी कॉर्नरपेक्षा अवघड जातं. माझ्या मुलीनं ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. क्लबच्या चाहत्यांनी त्या हंगामात फार माया केली, हे खोटं नाही. मैदानाच्या कुंपणावर 'आम्ही आहोत' असं लिहिलेलं कापड वर्षभर होतं. पावसानं अक्षरं गेली की कुणीतरी पुन्हा रंगवायचं. काका दर पंधरा दिवसांनी त्याच्या घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकायचे. त्यावर एवढंच असायचं, "चष्मा ठीक आहे ना?"

तो परत आला त्या सामन्याला मीसुद्धा गेले होते. बसायला जागा नव्हती. लंबूनं पहिला फटका अडवला तेव्हा काकांच्या तोंडून आवाजच फुटेना, म्हणून माझी मुलगी ओरडली, "एक!" मग सगळे ओरडले. आकडा वाढत सतरावर गेला. माझ्यासारखी हॉकी न कळणारी बाईसुद्धा उभी राहून सतरा म्हणाली. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत एक चेंडू त्याच्या पॅडला लागून आत गेला.

काकांनी मला नंतर सांगितलं, की त्या सकाळी घरून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं. आज काही झालं तरी पुसायचं नाही. काकूंनाही तसं सांगून आले होते. पण स्टँडमधले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, आणि हात खिशात गेला. फडकं बाहेर आलं. पाटी पुसली गेली. "परत एकपासून!" हजार माणसं ओरडली, आनंदानं ओरडली. लंबूनं वळून स्टँडकडे पाहिलं आणि हेल्मेटला हात लावला. सलामच केला म्हणा ना.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो गेला. कसा, ते वर्तमानपत्रांनी दोन दिवस लिहिलं. मी लिहिणार नाही. आजारानं नेला, एवढं खरं आहे.

कुंपणापाशी लोक आले. फुलं, मेणबत्त्या, क्लबचे शर्ट, लहान मुलांच्या हॉकीच्या काठ्या. हजार माणसांचा स्टँड रस्त्यावर उतरून असा गप्प उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. एका रिक्षावाल्यानं कुंपणाला मोठ्या अक्षरात सतरा लिहिलेला कागद बांधला. काकांनी तो वाचला आणि ते मागच्या मागे घरी निघून आले.

दुकान उघडेना. म्हणजे शटर अर्धं वर, काका आत, पण काम नाही. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तीन दिवस एकच चष्मा पुसताहेत. तोही माझाच. मला काही दिसत नाही आणि ह्यांना काही सुचत नाही."

क्लबचे सेक्रेटरी आले. शोकसभा ठेवली होती. शेवटी काकांनी पाटी घेऊन उभं राहायचं, एक ते सतरा म्हणायचं, सगळे मागून म्हणतील, असं ठरवलं होतं.

"मी येणार नाही," काका म्हणाले.

"काका, लोकांना तुम्हीच हवेत. ती त्याची आठवण आहे."

"त्याची नाही. माझी खोड आहे ती. त्याला विचारलं होतं कुणी?"

सेक्रेटरी गेल्यावर त्यांनी मला वरून बोलावून घेतलं. खुर्चीत बसले होते, गिऱ्हाइकाच्या. म्हणाले, "वहिनी, तो मला सांगून गेला होता हो. सगळेच पुसू नका म्हणाला होता. मी दुधाच्या बाटलीचा विनोद केला. आता त्याच्या आईला जाऊन हे सांगायचंय. तिनं हाकलून दिलं तर हाकलून दिलं. पण तिला विचारल्याशिवाय मला ह्या काउंटरमागे उभं राहवत नाही. तुम्ही याल का? एकट्याला दार उघडायची नाही ती."

मी काय सांगणार? असं काही नसतं काका, हा आजार कुणाच्या ओरडण्यानं होत नाही, वगैरे मी बोलले. पुस्तकात वाचलेलं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, घातला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण याल का?"

गेलो. तिसरा मजला, स्वच्छ जिना, दारापाशी अजून त्याचे भलेमोठे बूट. लंबूची आई बारीक, ठेंगणी. इतकी ठेंगणी, की हा मुलगा हिचा कसा, असं मनात आलं आणि मग लाज वाटली. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. काका पेला हातात धरून सगळं बोलले. पाटी, फडकं, काउंटरवरचं ते बोलणं, शेवटचा सामना. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "ताई, मला एवढंच सांगा. त्याला लागायचं का ते? घरी येऊन काही बोलायचा का?"

ती उठून आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. पानापानांवर पेन्सिलीनं आकडे होते. एक, दोन, तीन, चार, पाच, मग पुन्हा एक. एक, दोन, मग पुन्हा एक. एके ठिकाणी अकरापर्यंत.

"डॉक्टर म्हणाले होते, कसा झोपला, जेवला का, आंघोळ केली का, ते लिहून ठेवा," ती म्हणाली. "मी माझं डोकं चालवलं. चांगला गेलेला दिवस मोजायचा. वाईट गेला, की परत पहिल्यापासून. आणि रोज सकाळी त्याला चहा देताना सांगायचे, आज अकरावा दिवस हं बाळा. मला वाटायचं, त्याला उमेद येईल. एकदा म्हणाला, आई, आकडा नको सांगूस ना. मी म्हटलं, लाजतोस काय, आईपाशी?"

काकांच्या हातातला पेला मी काढून घेतला.

"तुम्ही आठवड्यातून एकदा पुसायचात," ती म्हणाली. "मी घरात राहून पुसत होते. आता तुम्ही मला सांगा, त्याला लागायचं का?"

ती रडली नाही, काकाच रडले. मोठा माणूस तोंड उघडून रडतो तसे. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळानं विचारलं, "मी एकही सामना पाहिला नाही हो. चेंडू लागेल म्हणून भीती वाटायची. त्यानं सगळे मिळून किती अडवले?"

काकांनी डोळे पुसले. एवढी वर्षं मोजणारा हा माणूस, पण सगळे मिळून किती, ते त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. जे होतं ते पाटीवर, आणि पाटी पुसलेली.

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण आठवून सांगतो."

मग ते सांगायला लागले. त्याचा क्लबसाठीचा पहिला सामना. हेल्मेट सैल होतं, सारखं खाली यायचं. पहिला फटका डाव्या पायानं अडवला. दुसरा अडवला तेव्हा स्वतःच दचकला. ती मधे मधे विचारायची, डावा म्हणजे आपल्याकडून की त्याच्याकडून? काका उठून चटईवर उभे राहून दाखवायचे, पाय फाकवून, हात पसरून, साठीचा माणूस. एकदा तोल जाऊन टेबलावर आदळले आणि ती हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं असेल. लगेच तिनं तोंडावर पदर धरला.

दुपार झाली तरी आम्ही दुसऱ्या हंगामातच होतो. काका म्हणाले, "उद्या येतो."

"या. पण दुकान उघडून, कामं आटपून या," ती म्हणाली. "त्याच्यामुळे कुणाचं दुकान बंद राहिलं, असं मला नको."

शोकसभेला काका गेले. पाटी नेली नाही. मागे उभे राहिले, लोकांनी खूण केली तरी पुढे आले नाहीत. कुणीतरी एक म्हटलं, काहींनी दोन म्हटलं, आणि मग ते आपोआप विरलं. माझी मुलगी त्यांच्या शेजारी होती. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "मी पण तुला काही मोजून दाखवते का गं?"

"दिवसातून चार वेळा विचारतेस, पाणी किती प्यायलीस," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "अगं आई, ते चालतं." चालतं का खरंच, ते मला कळत नाही. विचारायचं थांबवलं तरी भीती, नाही थांबवलं तरी भीती.

काका आता दर गुरुवारी दुकान बंद केल्यावर तिकडे जातात. अजून तीन हंगाम बाकी आहेत. काही फटके आठवत नाहीत तेव्हा ते माझ्या मुलीला विचारायला वर येतात, आणि दोघं दारातच वाद घालतात, तो उजव्या हातानं अडवला होता की काठीनं. खाली कड घासायचं यंत्र पुन्हा सुरू झालं आहे.

परवा जिन्यात भेटले. थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. खरं सांगा. लागलं असेल ना त्याला?"

त्या दिवशी मी पुस्तकातलं सगळं बोलले होते. या वेळी तसं काही बोलवलं नाही.

"लागलं असेल काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ते लंबूच्या आईकडे जायला निघाले.