सिग्नलवरची मराठी खलबतं

सांगतो, पण एका अटीवर. मध्येच आमच्या हिला फोन लावून खरंखोटं करायचं नाही. ती माझ्याहून रंगवून सांगते!

तर तेव्हा आम्ही चंदीगडला लागूनच, पंचकुल्यात राहायचो. केंद्र सरकारची नोकरी, बदलीवर आलेलो. नाशिकला परत जायची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेली. अशा वेळी माणूस कसा राहतो? शिंकतानासुद्धा इकडेतिकडे बघून शिंकतो. आणि मी नेमकी गाडी ठोकली!

चंदीगडला आयटी पार्कजवळच्या सिग्नलला पुढची गाडी थांबली. मी थांबलो नाही. का? तर या शहरात गाडी चालवणं किती सोपं आहे, हे मी हिला समजावत होतो. धाडकन आवाज झाला आणि पुढच्या गाडीचा बंपर लोंबायला लागला. आता केस होणार, ऑर्डर अडकणार आणि निवृत्तीपर्यंत मी इथंच थंडीत कुडकुडणार!

"अहो, आधी उतरा. कुणाला लागलंय का बघा," ही म्हणाली.

"गप्प बस! असं विचारलं की चूक कबूल केल्यासारखं होतं."

हे ज्ञान मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं दिलं होतं. त्याच्याकडे गाडीच नव्हती, हे मला नंतर आठवलं.

मी उतरलो. पुढच्या गाडीतून एक तरुण सरदारजी उतरले. निळी पगडी, चेहरा अगदी शांत. हा माणूस चिडत का नाही, या विचारानं मी आणखीच घाबरलो.

आता परमुलखात आपल्या लोकांची एक सवय असते बघा. भाजीवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर बिनधास्त मराठीत बोलायचं. "महाग लावतोय, चल पुढे." कुणाला काय कळतंय? मीही तेच केलं. सरदारजी शेजारी उभे असताना खिडकीतून डोकं आत घातलं आणि हिला म्हणालो, "हे बघ, चूक आपलीच आहे. पण आपण म्हणायचं, त्यानं अचानक ब्रेक मारला."

"अहो, सिग्नल लाल होता!"

"मग पिवळा होता म्हणायचं! तू फक्त मान हलव. माणूस भोळा दिसतोय, गुंडाळता येईल."

मग वळून मी कडक हिंदीत सुरुवात केली. "देखिए जी, सिग्नल पीला था. आपने एकदम ब्रेक मारा."

"अच्छा जी?" ते म्हणाले. बस्, एवढंच.

मला जोर चढला. "बघितलंस? पटलं त्याला! आता तू जरा मान धरून बस. दुखतेय असं दाखव."

"मी नाही धरणार! तुमची तुम्ही धरा."

मग काय, धरली की हो मी! भर रस्त्यात, मान धरून, "आई गं" करत उभा!

तेवढ्यात सरदारजींचा फोन वाजला.

"हां, बोल गं," ते म्हणाले. "सिग्नलला मागून एकांनी गाडी ठोकलीय. नाही नाही, मला काही लागलं नाही. काकूही ठीक दिसतात. काकांची मान तेवढी आत्ताच दुखायला लागलीय."

मराठी! तीही माझ्यापेक्षा स्वच्छ! माझा हात मानेवर तसाच राहिला.

फोन खिशात टाकत ते म्हणाले, "नांदेडचा आहे मी, काका. शाळा मराठीच होती. बायको परभणीची."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण चंदीगडचे रस्ते भलतेच पक्के, कुठे साधी भेगसुद्धा नाही!

आणि नेमका त्याच वेळी ट्रॅफिक पोलीस आला.

"किसकी गलती है?"

खरं सांगतो, इतका मी लग्नातही घाबरलो नव्हतो. या माणसानं ऐकलेलं सगळं सांगितलं, की नाशिक संपलं!

"कोई गल नहीं जी," सरदारजी म्हणाले. "आपस में निपटा लेंगे. अपने ही बंदे हैं."

पोलिसानं माझ्या घामाघूम चेहऱ्याकडे बघितलं. मानेवरच्या हाताकडे बघितलं. त्याला काही ते पटेना.

"आप इनको जानते हो?"

सरदारजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हां जी," ते म्हणाले. "पाँच मिनट में पूरा जान गया."